लहान छेदाचा लांब इतिहास

आमच्या लहानपणी कोणाचे मोठे ऑपरेशन झाले, की त्याची वार्ता एकाच क्रियापदाने सांगितली जाई: ‘पोट फाडले’. रुग्ण घरी परतला की शेजारपाजारची मंडळी भेटीस येत, टाके किती पडले याची चौकशी करीत आणि टाक्यांच्या संख्येवरून दुखण्याचा मोठेपणा ठरवीत. पुढील दोन-तीन महिने त्या माणसाने जड उचलायचे नाही, विहिरीचे पाणी ओढायचे नाही, शेतावर जायचे नाही, असा दंडक असे. हातावर पोट असणाऱ्या घरात या दंडकाचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको. आज त्याच घरांतून दुसरा शब्दप्रयोग ऐकू येतो: ‘दुर्बिणीतून केले’. सोमवारी दाखल झालेला रुग्ण बुधवारी घरी दिसतो आणि भेटीस आलेल्यांना दाखविण्यासारखे टाकेही त्याच्यापाशी नसतात.

‘दुर्बीण’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. दूरचे पाहावयाचे ते साधन दुर्बीण. येथे तर पाहावयाचे असते ते आपल्याच कातडीच्या दोन बोटे आत. तरीही लोकांनी योजलेला हा शब्द आम्हांला अगदी सार्थ वाटतो. कारण माणसाला आकाशातील ग्रहांचे डाग आधी दिसले. स्वतःच्या जिवंत पोटाचे आतील दृश्य मात्र त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी दिसले. हे अंतर कसे कापले गेले, त्यासाठी कोणी काय सोसले आणि त्याची किंमत कोणी चुकती केली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

मोठा छेद का घ्यावा लागे, हे आधी समजून घेतले पाहिजे. शस्त्रवैद्याला आतले दिसल्याखेरीज हात घालता येत नाही आणि उजेड व हात दोन्ही आत जाण्यासाठी दार मोठे हवे. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली आणि वेदनेचा अडसर दूर झाला. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमेतील जंतूंना आवर घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या दोन शोधांच्या आधारावर पोटाच्या आत जाण्याचे धाडस शक्य झाले. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनच्या लाझारस इस्पितळात कार्ल लांगेनबुख यांनी ४३ वर्षांच्या एका रुग्णाचे खड्यांनी भरलेले पित्ताशय काढून टाकले. तोवर वैद्य फार तर पित्ताशय उघडून खडे काढीत. लांगेनबुख यांचे म्हणणे असे, की खडे होतात म्हणून पित्ताशय काढावयाचे नसून पित्ताशय खडे तयार करते म्हणून ते काढावयाचे. रुग्ण वाचला, काही आठवड्यांनी घरी गेला, आणि पुढील शंभर वर्षे जगभर हीच शस्त्रक्रिया जवळपास त्याच मार्गाने होत राहिली.

या मार्गात एक विसंगती होती. काढावयाचा अवयव पेरूएवढा; तेथे पोचण्यासाठी बरगडीखाली वीतभर छेद, तोही स्नायूंचे थर कापून. रुग्णाला पुढे जे दुखे, ताप येई, खोकताना जीव जाई, ते पित्ताशय गेल्यामुळे नव्हे, तर तेथवर काढलेल्या रस्त्यामुळे. आजार आतला, शिक्षा मात्र वाटेची! तरीही ‘मोठा सर्जन, मोठा छेद’ ही म्हण पाश्चात्त्य शल्यगृहांत अभिमानाने सांगितली जात होती. जे स्वच्छ दिसते तेच सुरक्षित, हा त्यामागील विचार मुळात चुकीचा नव्हता, हे येथेच नमूद करून ठेवतो. पुढे त्याची आठवण करावी लागणार आहे.

वाट लहान ठेवून आत पाहण्याची पहिली धडपड मेणबत्तीच्या उजेडात झाली. फिलिप बोझ्झिनी हे माइन्झ येथे १७७३ मध्ये जन्मलेले वैद्य. फ्रांकफुर्टमध्ये असताना त्यांनी एक उपकरण बनविले आणि त्याला ‘प्रकाशवाहक’ अशा अर्थाचे नाव दिले. फुलदाणीसारख्या दिसणाऱ्या या पेटीत मेणबत्ती, तिच्यामागे आरसा आणि पुढे शरीराच्या पोकळीत घालावयाची नळी. १८०६ साली त्याची माहिती व्हिएन्नाला पोचली. तेथील लष्करी वैद्यकीय अकादमीचा अभिप्राय अनुकूल होता. विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने मात्र ते निरुपयोगी ठरविले. १८०९ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, रुग्णांची सेवा करताना जडलेल्या टायफसच्या तापाने बोझ्झिनी वारले. मेणबत्ती विझली; पण कल्पना विझली नाही.

१८६८ साली फ्रायबुर्गचे आडोल्फ कुसमाउल यांना जिवंत माणसाच्या जठरात डोकवावयाचे होते. सरळ, ताठ नळी घशातून खाली कोण घालून घेणार? त्यांनी माणूस शोधला तो जत्रेतला: तलवार गिळण्याचा खेळ करणारा. त्याने ४७ सेंटिमीटर लांबीची नळी सहज गिळली. नळी जठरात गेली. पण आत काळोख होता आणि बाहेरच्या दिव्याचा उजेड तेथवर पोचेना. या प्रयोगाने पुढील शंभर वर्षांचा प्रश्न नेमका मांडून ठेवला: नळी वाकडी झाली पाहिजे आणि उजेड आत गेला पाहिजे.

उजेड आत नेण्याचे काम माक्स नित्से यांनी केले. १८७९ मध्ये त्यांनी व्हिएन्ना येथे मूत्राशय पाहण्याचे उपकरण दाखविले. त्याच्या टोकाशी प्लॅटिनमची तार विजेने तापून प्रकाश देई आणि ती भाजू नये म्हणून भोवती पाणी खेळविलेले असे. पुढे लवकरच एडिसनच्या दिव्याची चिमुकली आवृत्ती तेथे बसली. मूत्राशयाला निसर्गाने दिलेला मार्ग आहे. पोटाच्या पोकळीला तो नाही. तेथे पहिल्यांदा पाहिले ते गेओर्ग केलिंग या ड्रेस्डेनच्या वैद्याने. २३ सप्टेंबर १९०१ रोजी हांबुर्ग येथील परिषदेत त्यांनी एका कुत्र्याच्या पोटात सुईने गाळलेली हवा भरली, पोट फुगवून आत मोकळी जागा केली आणि नित्सेंचे उपकरण घालून जिवंत प्राण्याचे यकृत व आतडी पाहिली. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्तियान याकोबेउस यांनी हीच रीत माणसांवर वापरली. त्यांचे रुग्ण प्रामुख्याने पोटात पाणी झालेले होते. पुढे याकोबेउस छातीकडे वळले आणि क्षयाच्या रुग्णांत फुप्फुस व बरगड्या यांमधील चिकटलेले पट्टे नळीतून पाहून तोडू लागले. १९३८ साली हंगेरीच्या यानोश वेरेश यांनी क्षयाच्याच उपचारासाठी एक सुई प्रसिद्ध केली. तिचे टोक धारदार. पण आतील पोकळी लागताच स्प्रिंगवर बसविलेली बोथट नळी पुढे सरकून त्या टोकाला झाकून टाके. क्षयाचे औषध सापडले आणि ते उपचार मागे पडले. ती सुई मात्र आजही पोटात वायू भरण्यासाठी जगभर वापरली जाते. एका रोगाशी झगडताना घडविलेले हत्यार दुसऱ्याच रोग्याच्या उपयोगी पडावे, असे या इतिहासात वारंवार घडते.

नळी वाकविण्याचा प्रश्न सुटला तो काचेच्या तंतूंनी, आणि येथे एका भारतीयाचे नाव येते. पंजाबातील मोगा येथे १९२६ मध्ये जन्मलेले नरिंदर सिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यापाशी संशोधन करीत होते. केसासारख्या बारीक काचतंतूंची जुडी बांधली, तर प्रकाशच नव्हे तर चित्रही वाकड्या मार्गाने पलीकडे नेता येते, हे त्या दोघांनी १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखविले. तो निबंध वाचून अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी लवचीक जठरदर्शी तयार केला आणि १९५७ मध्ये तो प्रथम स्वतःच्याच घशात घालून पाहिला. रुग्णावर वापरण्याआधी स्वतःवर वापरण्याचा हा प्रामाणिकपणा आम्हांला शोधाइतकाच मोलाचा वाटतो. हॉपकिन्स यांनी दुसरी एक युक्ती केली. जुन्या ताठ दुर्बिणीत लांब पोकळी व मध्ये छोटी भिंगे असत. त्यांनी हा हिशेब उलटा केला: पोकळीच्या जागी काचेच्या कांड्या आणि भिंगांच्या जागी हवेच्या फटी. त्यामुळे चित्र पूर्वीपेक्षा कितीतरी उजळ झाले. जर्मनीतील तुटलिंगेनच्या कार्ल श्टोर्त्स यांनी साठच्या दशकात ही दुर्बीण प्रत्यक्षात उतरविली.

अशा रीतीने पाहण्याची सिद्धता झाली. करण्याची सिद्धता स्त्रीरोगतज्ज्ञांनी केली, आणि येथून या इतिहासाला मानवी स्वभावाचा रंग चढतो. जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम यांनी पोटातील वायूचा दाब आपोआप राखणारे यंत्र, पोटाच्या आत गाठ मारण्याच्या रीती, आणि शिकाऊ वैद्यांनी रुग्णाऐवजी सराव करावा म्हणून एक कृत्रिम पेटी, असे बरेच काही निर्माण केले. सहकाऱ्यांना त्यांचे हे वेड इतके खटकले, की त्यांच्या मेंदूतच काही बिघाड असावा अशा शंकेने त्यांना मेंदूची तपासणी करून घ्यावी लागली. १९८० मध्ये त्यांनी दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले, तेव्हा शल्यविशारदांच्या वर्तुळात कौतुकापेक्षा संतापच अधिक उमटला.

१२ सप्टेंबर १९८५ रोजी ब्योब्लिंगेन या छोट्या शहरातील इस्पितळात एरिख म्यूहे यांनी स्वतः आखलेल्या उपकरणाने, मोठा छेद न घेता, पित्ताशय काढले. जगातील अशी ही पहिली शस्त्रक्रिया. पुढल्या एप्रिलमध्ये त्यांनी जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत ती सादर केली, तेव्हा थट्टा झाली. १९८७ च्या मार्चपर्यंत त्यांच्या हातून अशा ९४ शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील एका रुग्णाच्या मृत्यूवरून म्यूहे यांना न्यायालयात उभे राहावे लागले. पुढे ते त्या आरोपातून मुक्त झाले. ज्या जर्मन संस्थेने त्यांना हसून घालविले होते, तिनेच १९९२ मध्ये त्यांचा गौरव केला. तोवर श्रेय दुसऱ्यांच्या पदरात पडले होते. १९८७ मध्ये फ्रान्समधील लियॉन येथे फिलिप मूरे यांनी, म्यूहे यांच्या कामाशी संबंध नसताना, हीच शस्त्रक्रिया केली. पॅरिसचे फ्रान्स्वा द्युबुआ व बोर्दोचे जाक पेरिसा यांनी ती पद्धतशीर मांडली. आणि १९८९ मध्ये अमेरिकेतील एका परिषदेत पेरिसा यांची चित्रफीत दाखविली गेल्यावर सारे शल्यजगत तिच्यामागे लागले.

ती चित्रफीत दाखविता आली, यातच खरा फरक होता. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅमेरा इतका लहान झाला, की तो दुर्बिणीच्या डोळ्याला लावता येऊ लागला. तोवर एकटा सर्जन वाकून, एक डोळा मिटून आत पाहत असे. आता मदतनीस, भूलतज्ज्ञ, परिचारिका, सारेच पडद्यावर तेच दृश्य पाहू लागले. बेंबीपाशी सुईने कार्बन डायॉक्साइड वायू भरावयाचा, पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलायची, अर्धा ते एक सेंटिमीटरची साधारण चार छिद्रे करावयाची, एकातून दुर्बीण आणि बाकीच्यांतून लांब दांड्याचे चिमटे व कात्र्या घालावयाच्या, पित्ताशयाची नळी व धमनी यांना धातूच्या चापांनी बंद करून ती कापावयाची आणि सुटे झालेले पित्ताशय बेंबीच्या छिद्रातून ओढून घ्यावयाचे: ही झाली रीत. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही, रक्तात चटकन विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. आत उरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो, एवढीच काय ती त्याची खूण.

इतके चांगले साधन हाती आल्यावर त्याचा प्रसार व्हावयाचाच. पण तो ज्या वेगाने झाला, त्या वेगात या इतिहासाचे सर्वांत अवघड पान लिहिले गेले. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या कसून चाचण्या होतात; नव्या शस्त्रक्रियेला तसा दरवाजा नव्हता. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांच्या शिबिरात प्राण्यावर हात बसवून काही सर्जन सोमवारी रुग्णावर शस्त्रक्रिया करू लागले. रुग्णही तशीच मागणी करीत होते. परिणामी पित्ताशयाच्या नळीऐवजी यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिकाच चुकून कापली जाण्याचे प्रकार वाढले. ही इजा साधी नव्हे. माणूस जन्माचा अधू होतो, प्रसंगी दगावतो.

१९९१ साली अमेरिकेच्या दक्षिण भागातील शल्यविशारदांच्या एका मंडळाने १,५१८ रुग्णांचा हिशेब प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की प्रत्येक शल्यपथकाच्या पहिल्या तेरा रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण शेकडा २.२ होते; त्यानंतरच्या रुग्णांत ते शेकडा ०.१ इतके खाली आले. हे दोन आकडे आम्ही प्रथम वाचले, तेव्हा कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो. चौदाव्या रुग्णाची सुरक्षितता पहिल्या तेरांच्या अंगावर लिहिली गेली होती. त्यांना हे कोणी सांगितले होते काय? ‘मी हे शिकतो आहे आणि तुम्ही माझे चौथे रुग्ण आहात’, असे वाक्य किती शल्यगृहांबाहेर उच्चारले गेले असेल?

कोणतीही विद्या शिकताना चुका होणारच, असे म्हणून हा प्रश्न झटकता येत नाही. सुतार शिकताना लाकूड वाया जाते, शिंपी शिकताना कापड. येथे जे वाया जाते त्याला नाव असते आणि घरी वाट पाहणारी माणसे असतात. सुदैवाने या हिशेबाने वैद्यकविश्व खडबडून जागे झाले. १९९२ साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्याने, अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली पुरेशा शस्त्रक्रिया केल्याखेरीज कोणास एकट्याने ही शस्त्रक्रिया करू देऊ नये, अशा आशयाचे निर्देश इस्पितळांना दिले. त्याच वर्षी अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या विचारपरिषदेने ही पद्धती बहुतेक रुग्णांसाठी सुरक्षित व परिणामकारक असल्याचा निर्वाळा दिला. मात्र ती करणाऱ्याच्या प्रशिक्षणावर व अनुभवावर सारे अवलंबून असल्याचेही बजावले. १९९५ मध्ये स्टीव्हन स्ट्रासबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा नियम मांडला. पित्ताशयाच्या मुळाशी असलेला त्रिकोण चरबी व तंतू काढून पूर्ण मोकळा करावा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवावा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच, केवळ दोनच वस्तू उरल्याचे डोळ्यांनी दिसेतो काहीही कापू नये. ते दिसत नसेल, तर पोट उघडण्यात कमीपणा मानू नये. म्हणजे जुन्या सर्जनांचे ते तत्त्व, जे स्वच्छ दिसते तेच सुरक्षित, नव्या घरात परत आले. छेद लहान झाला. पाहण्याची जबाबदारी लहान झाली नाही.

आणखी एका प्रयोगाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९९६ साली इंग्लंडमधील शेफील्डच्या शस्त्रवैद्यांनी २०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटात दुर्बिणीतून, दुसऱ्यात लहानशा उघड्या छेदातून पित्ताशय काढले. मग सर्वांच्या पोटावर अगदी एकसारखी मलमपट्टी बांधली, जेणेकरून कोणाचे काय झाले हे रुग्णालाही कळू नये आणि परिचारिकेलाही. निष्कर्ष अनपेक्षित होता: इस्पितळातील मुक्कामात व बरे होण्यात दोन्ही गट सारखेच निघाले, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला वेळ मात्र अधिक लागला. म्हणजे बरे वाटण्यातील काही वाटा यंत्राचा नसून छेद लहान ठेवण्याचा, आणि ‘तुम्ही लवकर बरे व्हाल’ या अपेक्षेचाही होता. ज्या इस्पितळाला महागडी दुर्बीण परवडत नाही, त्याने निराश होण्याचे कारण नाही, असा अर्थ आम्ही यातून काढतो.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. मुंबईचे पारशी शल्यविशारद डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासूनच पोटातील रोगांच्या निदानासाठी दुर्बिणीचा उपयोग सुरू केला होता. १९९० साली सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया म्हणून ती नोंदली जाते. ही गोष्ट श्रीमंतांच्या खासगी इस्पितळात नव्हे, तर गोरगरिबांच्या सरकारी रुग्णालयात घडली, हे विशेष ध्यानात ठेवावे. हे तंत्र श्रीमंत देशांची चैन आहे, असे म्हणणाऱ्यांना ते उलट उत्तर देत: रोजंदारीवर जगणाऱ्याला लवकर कामावर परतण्याची निकड श्रीमंतापेक्षा अधिक आहे. डॉ. उडवाडिया २०२३ मध्ये निवर्तले. परंतु त्यांचा हा युक्तिवाद अजून पुरता अमलात आलेला नाही. देशाच्या ग्रामीण भागांत काही सर्जनांनी वायूचे यंत्र वगळून, पोटाची भिंत बाहेरून उचलून धरणारी साधी कडी व पाठीच्या कण्यातील भूल यांवर ही शस्त्रक्रिया स्वस्तात करून दाखविली आहे. आम्हांला या खटाटोपाचे मोल मोठ्या शहरांतील यंत्रमानवांपेक्षा कमी वाटत नाही.

परंतु महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांना दुर्बिणीची ओळख पित्ताशयामुळे झाली नाही. ती झाली कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे. सत्तरच्या दशकापासून स्त्रियांच्या बीजवाहिन्यांवर दुर्बिणीतून छोटी कडी बसविण्याची शस्त्रक्रिया होऊ लागली आणि लोकांनी तिला ‘बिनटाक्याची’ असे नाव दिले. त्या शस्त्रक्रियेच्या नैतिकतेचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याविषयीची ख्रिस्तसभेची भूमिका वाचकांस ठाऊक आहे. येथे मुद्दा निराळा आहे. जी शस्त्रक्रिया दहा मिनिटांत होते, ती दिवसाला किती करावयाच्या याचा मोह आवरत नाही. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया केली. सरकारी नियमाने एका दिवसाची मर्यादा तीस होती. त्यानंतर किमान तेरा स्त्रिया मरण पावल्या. दोष दूषित औषधांचा की जंतुसंसर्गाचा, यावर पुढे वाद झाला. पण त्या बायकांना रांगेतील एक आकडा मानले गेले, याबद्दल वाद असू शकत नाही. १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. साधन तेच, छेद तेवढाच लहान. पण माणसाविषयीचा आदर गेला, की सर्वांत कोमल शस्त्रही घातक ठरते.

लहान छेद म्हणजे आपोआप अधिक सुरक्षित छेद, हे समीकरण इतरत्रही तपासून पाहावे लागले. गर्भाशयमुखाच्या प्रारंभिक अवस्थेतील कर्करोगात दुर्बिणीतून किंवा यंत्रमानवाच्या साह्याने केलेली मोठी शस्त्रक्रिया उघड्या शस्त्रक्रियेइतकीच चांगली असणार, असे कित्येक वर्षे गृहीत धरले गेले होते. अखेर ६३१ स्त्रियांवरील चाचणीचा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत शेकडा ९६.५, तर लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत ८६ होते. जगभरच्या शल्यविशारदांना आपला मार्ग बदलावा लागला. उलटपक्षी, सुरक्षिततेत मोठी भर घातली ती एका कागदाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली, शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर मोठ्याने वाचावयाची १९ कलमांची यादी नवी दिल्लीसह आठ शहरांतील इस्पितळांत वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर, तर गुंतागुंतीचे ११ वरून ७ वर आले. रुग्णाचे नाव काय, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूला, कापूस-फडकी मोजली काय: असे ते साधे प्रश्न. विशेष म्हणजे खोलीतील प्रत्येकाने आपले नाव सांगावे, असेही त्या यादीत आहे.

मेणबत्तीच्या पेटीपासून या यादीपर्यंतचा हा दोनशे वर्षांचा प्रवास. त्यात तलवार गिळणारा एक अनामिक खेळिया आहे, हसण्यावारी नेलेले वैद्य आहेत, नळी स्वतः गिळणारा संशोधक आहे, आणि ज्यांची नावे कोठेच नोंदली नाहीत असे ते पहिले तेरा रुग्ण आहेत. शोधकांचे पुतळे उभे राहतात, त्यांच्या नावाने सुया व दुर्बिणी ओळखल्या जातात. त्यात वावगे काही नाही. पण आज जो कोणी पोटावरच्या चार बारीक खुणा घेऊन तिसऱ्या दिवशी घरी येतो, तो त्या अनामिकांचाही ऋणकरी आहे.

आजाऱ्यांच्या भेटीस जाणे हे आमच्या नित्यकर्तव्यांपैकी एक. पूर्वी खाटेवरचा रुग्ण आम्हांला पाहून उठू लागला, की त्याला खांदा धरून परत निजवावे लागे. टाके ताणतील ही भीती असे. अलीकडे तोच उठून आम्हांला खुर्ची देतो. त्या खुर्चीवर बसताना आम्ही एक प्रश्न विचारावयाचा परिपाठ ठेवला आहे, आणि वाचकांनीही तो आपल्या आप्तांसाठी नम्रपणे, पण न घाबरता विचारावा, अशी विनंती आहे. छिद्रे किती व खोली कोणत्या मजल्यावर, हा तो प्रश्न नव्हे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी हे काम यापूर्वी किती वेळा केले आहे, आणि आत स्पष्ट दिसले नाही तर पोट उघडण्याची त्यांची तयारी आहे काय, हा तो प्रश्न होय. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.